भुपेंद्रपेक्षा एक मिनिट जास्त

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी ८.१०

आजपासून डायरी. आज एक गोष्ट ठरली आहे आणि ती कुठेतरी लिहून ठेवणं भाग आहे.

चहा पिताना बायकोने, दुर्गेश्वरीने, मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भुपेंद्रचा फोटो. बोदलकसाच्या तलावात गळ्यापर्यंत उभा. मागे धुकं, आणि हा हसून राहिला. खाली लिहिलेलं : हवा ८, पाणी १६, दोन मिनिटं. अंगठे सत्तेचाळीस. आमच्या ग्रुपमध्ये माणसंच बावन्न आहेत.

मी म्हणालो, पाण्यात उभं राहण्यात काय आहे? म्हशी रोज उभ्या राहतात.

दुर्गेश्वरी म्हणाली, "म्हशीचं पोट भुपेंद्रभाऊजीसारखं सपाट नाही राहत." आणि माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही.

नोंद : भुपेंद्र आणि मी पहिली ते दहावी एका वर्गात. धावण्यात तो पहिला यायचा, कारण मला बूट लागत होते. दहावीत त्याला सहा टक्के जास्त, कारण त्याचं अक्षर चांगलं. आता तो शाळेत पीटीचा मास्तर आणि चौकातलं कृषी केंद्र माझं. म्हणजे खरं पाहता मी मालक आहे.

ठरलं. याच हिवाळ्यात बोदलकसा. गळ्यापर्यंत. तीन मिनिटं. तयारी घरीच, थंड पाण्याच्या आंघोळीने. उद्या पहाटे पाच.

१५ डिसेंबर. सकाळी ७.३०

पाचला उठलो. म्हणजे अलार्म उठला. मी साडेसहाला.

टाकीचं पाणी. एक मग पायावर घेतला. बाकीची आंघोळ रॉडच्या गरम पाण्याने. हळूहळू वाढवणं हीच खरी शास्त्रीय पद्धत असणार. पाय शरीराचाच भाग आहेत.

१७ डिसेंबर

आज डायरेक्ट खांद्यावर. एक मग. आवाज निघाला. दुर्गेश्वरीने दाराबाहेरून विचारलं, काय पडलं? मी सांगितलं, गाणं म्हणून राहिलो.

दुसरा मग उद्या.

१८ डिसेंबर. दुपारी

दुसरा मग राहिला. सर्दीसारखं वाटतं.

भुपेंद्र दुकानात आला. फवारणी पंपाचा वायसर पाहिजे होता. मी काही विचारलं नव्हतं, तरी स्वतःच सुरू झाला. बोलणं असं होतं : आधी डॉक्टरकडून बीपी आणि छाती तपासून घ्यायची. एकट्याने कधी जायचं नाही. उडी मारायची नाही, काठाकाठाने चालत, पाय टेकतील तिथपर्यंतच. थंड पाणी लागलं की श्वास आपोआप आत ओढला जाते, म्हणून पहिले सावकाश सोडत राहायचं. नवीन माणसाने अर्धा मिनिट, फार तर एक. थरथर सुटायच्या आधी बाहेर. ओले कपडे काढून लगेच कोरडे, टोपी, कोमट चहा. बाहेर आल्यावरही अंग आणखी दहा-पंधरा मिनिटं गार होत राहते, म्हणून लगेच गाडी चालवायची नाही आणि कढत पाणीही अंगावर घ्यायचं नाही.

मग म्हणाला, "येनं गा रविवारी. पण पहिले बीपी पाहून घे."

लक्षात आलं. हा घाबरला आहे. मी आलो तर त्याचे दोन मिनिटं कोणी विचारणार नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे. म्हणून एवढे नियम. एका आंघोळीला एवढे नियम आयुष्यात ऐकले नाहीत.

वायसर दिला. जुन्या स्टॉकमधला.

२१ डिसेंबर, रविवार. सकाळी १०

पाहणी करून आलो. आमच्या गावापासून तलाव चार किलोमीटर. स्कूटर पळसाच्या झुडपामागे लावली आणि तिथूनच पाहिलं. लपलो नव्हतो. झुडूप मध्ये होतं.

एकूण नऊ जणं, त्यात तीन बाया. काठावर दोर, शिट्टी, ब्लँकेटचा ढीग. भुपेंद्र घड्याळ हातात घेऊन आकडे मोजून राहिला होता आणि लोक त्याच्या तोंडाकडे असे पाहत होते की जणू तो प्रवचन देऊन राहिला आहे. पाण्यात त्याचे दोन मिनिटं झाले की शिट्टी वाजते आणि तो स्वतः आधी बाहेर येतो. जमत असूनही थांबत नाही. याला शिस्त म्हणतात असं अंगणवाडीच्या प्रेमिलाताई दुसऱ्या बाईला सांगत होत्या. मी याला दम नसणं म्हणतो.

बाहेर आल्यावर सगळे थर्मासमधून चहा प्यायले. हिरवा थर्मास. झाकणाला दोरी बांधलेला.

तो आमचा थर्मास आहे.

२२ डिसेंबर

दुर्गेश्वरीला सहज विचारलं, आपला थर्मास कुठे दिसत नाही. म्हणाली, प्रेमिलाताईने नेला, रविवारचा रविवार नेतात. आणि तुमाले कसं माहीत तो तलावावर होता?

मी म्हणालो, मी तलाव हा शब्दच बोललो नाही.

तर ती म्हणाली, मी बी येत्या रविवारी जाऊन पाहणार आहे. पहिले डॉक्टरले दाखवते.

मी सांगितलं, आधी घरातला कर्ता माणूस जाईल. ती म्हणाली, जा ना मग. कोणी धरलं?

२४ डिसेंबर. संध्याकाळी ५

तिरोड्याला डॉ. अंजू मॅडमकडे गेलो. बीपी एकशे साठ, शंभर. पुन्हा मोजलं. एकशे अठ्ठावन, शंभर. म्हणजे दोन मिनिटात दोनने कमी झालं, हे त्यांनी विचारात घेतलं नाही. म्हणाल्या, थंड पाणी सध्या बिलकुल नाही. थंड पाण्यात बीपी एकदम चढते, हृदयावर ताण येते. रोज एक गोळी, मीठ कमी, पंधरा दिवसांनी दाखवा.

निघताना कळलं, मॅडम शाळेत भुपेंद्रच्या विद्यार्थिनी होत्या. तिथेच सगळं स्पष्ट झालं. शिवाय दवाखान्याला चौदा पायऱ्या आहेत. पायऱ्या चढून कोणाचंही वाढेल.

दुर्गेश्वरीने विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं, फिट.

गोळ्या दुकानात बियाण्याच्या कपाटात ठेवल्या. गरज पडली तर आहेत.

२७ डिसेंबर

दुर्गेश्वरीचं बीपी एकशे अठरा, शहात्तर. संध्याकाळपासून हा आकडा तिने मला तीन वेळा सांगितला. एकदा मी झोपलो होतो.

२८ डिसेंबर, रविवार. दुपारी

ती गेली. मीही गेलो, सुरक्षा म्हणून. मला विचारलं तर सर्दी सांगायची, हे ठरवून ठेवलं होतं. कोणी विचारलं नाही.

ती साडीवरच, पदर खोचून, प्रेमिलाताईंचा हात धरून हळूहळू आत गेली. गुडघे, कंबर, छाती. एकदम थबकली. डोळे मोठे झाले. मी काठावरून ओरडलो, बाहेर ये. भुपेंद्र शांतपणे म्हणाला, "वहिनी, श्वास सोडा. फक्त सोडत राहा. मी मोजून राहिलो." आणि तिने सोडला. माझं ऐकलं नाही, त्याचं ऐकलं.

पन्नास सेकंद.

बाहेर आली तर लाल झाली होती आणि हसून राहिली होती. ओठ थरथरत होते तरी हसत होती. बावीस वर्षांच्या संसारात हा चेहरा मी पाहिला नव्हता. लग्नात पाहिला असेल तर आठवत नाही, तेव्हा मुंडावळ्या मध्ये होत्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने दुरून मला हात केला. मी तिच्या चपला धरून उभा होतो, त्यामुळे मला हात करता आला नाही.

घरी येईपर्यंत मला पाण्याचाच राग आला होता.

२९ डिसेंबर

गावात तीन जणांनी विचारलं, वहिनी तलावात गेल्या म्हणे? एकानेही विचारलं नाही, तू काऊन नाही गेला. हे जास्त लागलं.

१ जानेवारी. सकाळी

नवीन वर्ष, नवीन निश्चय. शनिवारी पहाटे जातो. एकटा. शनिवारी तिथे कोणी नसते, म्हणजे मध्येच शिट्टी वाजवणारा पण नसणार. मोबाईल दगडावर ठेवून पूर्ण व्हिडिओ घ्यायचा. तीन मिनिटं. मग तो गावच्या ग्रुपवर टाकायचा, खाली काही लिहायचं नाही. जास्त बोलणं मला आवडत नाही.

चालत जाणं म्हणजे तडफडणं लांबवणं. मी पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, सरळ उडी मारणार. एकदम संपते.

२ जानेवारी

घरच्या सरावाची बेरीज काढली. एकूण मग : चार. शरीर तयार आहे.

३ जानेवारी, शनिवार. पहाटे ५.४०

ती झोपली आहे. निघतो. दुर्गेश्वरी उठायच्या आत व्हिडिओ तिच्या मोबाईलवर असेल.

५ जानेवारी, सोमवार. तिरोडा, दवाखान्यात

अक्षर वाकडं येऊन राहिलं आहे, पण लिहून ठेवतो. लोक आपापल्या परीने सांगतील, त्याच्या आधी खरं काय ते इथे असावं.

जागा मी चुकीची निवडली, एवढंच झालं. पाणी सोडायच्या गेटाजवळ पाळीवर उभा राहिलो, मोबाईल दगडाला टेकवला, लाल बटण दाबलं, देवाचं नाव घेतलं आणि उडी मारली.

पाणी लागल्याबरोबर छातीवर कोणीतरी बसलं. श्वास सोडायचा हे मला माहीत होतं. पण तो सोडण्याआधीच आत ओढला गेला, आणि तोंड तेव्हा पाण्याखाली होतं. वर आलो. ओरडायला गेलो, आवाज नाही. पाय टेकवायला गेलो, तळ नाही. मी गेल्या पावसाळ्यापर्यंत नदी पोहून जाणारा माणूस, पण हात माझे नव्हते. ते कोणा दुसऱ्याचे होते आणि त्याला पोहता येत नव्हतं. पाळी चार हातावर होती. मी ती पाहून राहिलो होतो आणि ती लांब जाऊन राहिली होती.

मग डोक्याशेजारी बांबू आला.

चैतराम ढीवर. म्हातारा पहाटे डोंगा घेऊन जाळं काढायला आला होता. बांबूला मी दोन्ही हातांनी असा धरला की काठावर आल्यावर त्याला माझी बोटं एकेक करून सोडवावी लागली. म्हणाला, "कायले आला रे बापा एकटाच? इथं त भर उन्हाळ्यात बी मी पाय नाही टाकत." ओले कपडे त्याने काढले. सगळे. आपली गोधडी गुंडाळली आणि मला जमिनीवर बसवून ठेवलं. मी म्हणालो, स्कूटरने घरी जातो. म्हणजे म्हणायला गेलो, दात एकमेकावर वाजत होते. चैतराम म्हणाला, चूप बस.

त्याने फोन भुपेंद्रला लावला. त्याच्या मोबाईलमध्ये भुपेंद्रचा नंबर होता, कारण म्हणे भुपेंद्र दर रविवारी पाण्यात उतरायच्या आधी त्याला कळवतो. माझा नव्हता.

भुपेंद्र कोणाची तरी कार घेऊन आला. सोबत दुर्गेश्वरी. मला वाटलं हसेल. हसला नाही. मला चालू दिलं नाही, अंग चोळू दिलं नाही, स्वतःचा स्वेटर काढून मला घातला आणि दोघांनी उचलून गाडीत ठेवलं. स्वेटर खांद्यात ढिला झाला. सैल विणलेला असावा.

दवाखान्यात बीपी एकशे सत्याऐंशी, एकशे दहा. फुप्फुसात थोडं पाणी गेलं होतं म्हणून दोन दिवस ठेवून घेतलं. अंजू मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, गोळी रोज घेत होते ना? दुर्गेश्वरीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

६ जानेवारी. घरी

मोबाईल सापडला. त्याच दगडावर होता, बॅटरी संपलेली. चार्ज करून व्हिडिओ पाहिला. माझ्या अंदाजाने मी पाण्यात चार मिनिटं तरी होतो. उडीपासून बांबूपर्यंत मोजलं. अडतीस सेकंद.

पुन्हा मोजलं. अडतीसच.

मागे दुर्गेश्वरी केव्हा येऊन उभी राहिली कळलं नाही. तिने पूर्ण पाहिलं. तीन दिवस ती बोलली नव्हती. आता बोलली. ती बोलली ते जसंच्या तसं लिहितो.

"तुमी मेले असते त मी लोकायले काय सांगितलं असतं? कायनं मेले म्हणून? नवरा भुपेंद्रभाऊजीवर जळून रायला होता म्हणून पाण्यात गेला, असं सांगू?"

मी म्हणालो, जळण्याचा प्रश्नच नाही.

ती म्हणाली, "मी त्या दिवशी पाण्यातून बाहेर आली त पहिले तुमाले पाहिलं. मले वाटलं तुमी हसून रायले असान. तुमी भुपेंद्रभाऊजीले पाहून रायले होते."

मग स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला नाही. रडताना ती आवाज करत नाही.

व्हिडिओ डिलीट केला. गोळी घेतली. आजची.

११ जानेवारी, रविवार

ती गेली नाही तलावावर. मी म्हणालो, जा. म्हणाली, मन नाही. थर्मास प्रेमिलाताईंनी येऊन नेला.

संध्याकाळी भुपेंद्र भेटायला आला. मी त्याचा स्वेटर परत दिला. धुऊन. त्याने सांगितलं की ग्रुपमध्ये सगळ्यांना नवीन नियम समजावून दिला : पाळीच्या बाजूने कोणी पाण्यात उतरायचं नाही. मी विचारलं, नियमाला काही नाव दिलं का? तो गोंधळला. म्हणाला, नाही गा. मला वाटतं लोक आपसात माझ्याच नावाने म्हणत असतील.

१४ जानेवारी, संक्रांत

आठ दिवस सलग गोळी. मीठ कमी. तिळगुळात मीठ नसते, म्हणून सहा खाल्ले.

दुर्गेश्वरीला म्हणालो, गोड बोल. म्हणाली, बोलून राहिली ना. खरं आहे, कालपासून बोलून राहिली आहे.

२६ जानेवारी. दुपारी

सकाळी शाळेत झेंडावंदन. भुपेंद्रची पोरं कवायत इतकी बरोबर करतात की कंटाळा येतो.

परवा शनिवारी तिरोड्याला जाऊन आलो होतो. बीपी एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी. चौदा पायऱ्या चढूनसुद्धा. अंजू मॅडम म्हणाल्या, छान. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, तीही ठीक. विचारलं, पाणी? म्हणाल्या, गोळी चालूच, आणखी एक आठवडा थांबा, मग फक्त गुडघ्यापर्यंत. मग कंबर. सोबत माणूस पाहिजे. आणि भुपेंद्र सर सांगतील तसं.

शेवटचं वाक्य गरजेचं नव्हतं.

१ फेब्रुवारी, रविवार

गुडघ्यापर्यंत. चाळीस सेकंद. श्वास सोडत राहिलो. पाण्याने काही केलं नाही. दुर्गेश्वरीही पुन्हा आली. तिचं दीड मिनिट झालं.

मी तिच्याकडे पाहिलं. मुद्दाम. भुपेंद्र तेव्हा शेजारीच होता आणि नवीन चड्डीत होता, पण मी तिच्याकडेच पाहिलं.

८ फेब्रुवारी, रविवार

कंबर. पन्नास सेकंद. पाणी आता एकोणीस आहे असं भुपेंद्र म्हणाला. मी म्हणालो, थर्मामीटर चुकते.

१५ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११

आज छातीपर्यंत. डॉक्टरांची परवानगी होती. भुपेंद्र माझ्या शेजारी पाण्यात उभा, दोर कंबरेला. हळू गेलो. श्वास एकदा अडकला. सोडला. परत अडकला. सोडला. मग पाणी नुसतं पाणी झालं. समोरच्या काठावर बगळे होते. चैतरामचा डोंगा मधोमध होता, त्याने बांबू वर करून दाखवला.

एक मिनिट झालं तेव्हा भुपेंद्र अचानक हळू आवाजात बोलला. म्हणाला, "लीलाधर, मले तुझा हेवा वाटते."

मी श्वास सोडायचं विसरलो. बत्तीस वर्षं मी हे वाक्य ऐकायला थांबलो होतो. विचारलं, कशाचा? मला वाटलं दुकान म्हणेल. किंवा छाती.

म्हणाला, "बायकोले म्या किती वेळा म्हटलं असन, एक दिवस चाल. हसते. म्हणते, पागल झाले तुमी." मग काठाकडे मान वळवली. "तुझी पाहा, थंडीत टॉवेल घेऊन काठावर उभी आहे."

मी वळून पाहिलं. खरंच. धुक्यात दुर्गेश्वरी उभी होती, जाड टॉवेल दोन्ही हातांत छातीशी धरून, नजर माझ्यावर. या दोन महिन्यांत एवढी ऊब मला गोधडीतही वाटली नव्हती. भुपेंद्रकडे पाहून मी जरासा हसलो. मोठ्या मनाने. शिट्टी वाजली. एक मिनिट दहा सेकंद. सावकाश, छाती काढून, तिच्यापर्यंत चालत आलो आणि टॉवेलसाठी हात पुढे केला.

ती म्हणाली, "सरका लवकर, माझा नंबर आहे." टॉवेल माझ्या हातात कोंबला. "हा माझा आहे. ओला नका करू."

आणि पाण्यात गेली.

माझा टॉवेल घरीच राहिला होता. मी बनियनने अंग पुसलं, शर्ट चढवला, टोपी घातली आणि मोजत उभा राहिलो. तिचे दोन मिनिटं झाले. भुपेंद्रएवढेच. बाहेर आली तेव्हा हसून राहिली होती, आणि या वेळी मी आधीपासून पाहून राहिलो होतो.

टॉवेल कोरडा होता.